डिकीतली गोळी

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात):

मी २९ वर्षांची, एका पतसंस्थेत नोकरीला आहे. नववी-दहावीपासून मला बसल्या जागी झोप येते. वर्गात, एसटीत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. माहेरी सगळे 'कुंभकर्णाची बहीण' म्हणायचे. दीड वर्षापूर्वी लग्न झालं. नवऱ्याने आग्रह करून पुण्यात तपासणी करायला लावली. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा झोपायला सांगितलं. निदान झालं नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचं. न्यूरोलॉजिस्टनी जागं राहायची मोडाफिनिल २०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज सकाळी घ्यायला सांगितली. चार महिन्यांत खूप फरक पडला.

पण सासूबाईंना सांगितलेलं नाही. 'डोक्याच्या डॉक्टरची गोळी' म्हटलं की काय समजतील कोण जाणे. त्यांची स्वतःची बीपीची गोळी मात्र एक दिवस चुकत नाही. मी स्ट्रिप स्कूटीच्या डिकीत ठेवते आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर, साडेदहा-पावणेअकराला घेते. रविवारी घेत नाही. महिनाअखेरीला काम जास्त असलं तर चारला आणखी अर्धी घेते. रात्री झोप लागत नाही, डोकं दुखतं. परवा दिराने स्ट्रिप पाहिली. तो एमपीएससीचा अभ्यास करतो. म्हणाला, 'वहिनी, दोन दे ना.'

वर्षभराने मूल हवं आहे. सध्या गर्भनिरोधक गोळ्या घेते, त्या दुसऱ्या डॉक्टरांकडच्या. मला भीती वाटते की जागं राहायच्या गोळीची सवय लागेल. मनाचा निग्रह केला तर जमणार नाही का? सोडून देऊ का? आजकाल मी वेंधळीही झाले आहे. जाऊबाईंनी काहीतरी विनोद केला आणि हसता हसता हातातला कप निसटला.

ता. क. संकष्टीच्या उपवासाला ही गोळी चालते का?

*

माझ्या मुलीपेक्षा तू लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

बाकीचं सावकाश वाच, आधी एवढा एकच परिच्छेद वाच. मोडाफिनिल यकृतातल्या काही एन्झाइमचं काम वाढवतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन नेहमीपेक्षा लवकर संपतात. म्हणजे तू ती गोळी एकही दिवस न चुकवता घेतलीस तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि मोडाफिनिल चालू असताना गर्भ राहणं टाळायचं असतं, कारण बाळात जन्मजात दोष आढळल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा आजपासून कंडोम वापरा आणि या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट. दोन्ही स्ट्रिपा सोबत ने. तांबीवर या औषधाचा परिणाम होत नाही, पण तुला वर्षभराने मूल हवं आहे, तेव्हा तांबी की आणखी काही हे त्यांच्याशी बोलून ठरव. असुरक्षित संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीचाही हार्मोन असाच लवकर संपू शकतो, म्हणून तिच्या जिवावर राहू नकोस. पाळी लांबली असेल तर उद्याच तपासणी कर. ती पॉझिटिव्ह आली तर घाबरून गप्प न बसता त्याच दिवशी दोन्ही डॉक्टरांना फोन कर.

'त्या दुसऱ्या डॉक्टरांकडच्या' असं तू लिहिलंस. डॉक्टर दोन असले तरी यकृत एकच आहे ना.

आता डिकी.

तेहेतीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले. औषध वाईट निघालं म्हणून झालेले घोळ मोजके पाहिले. औषध लपवून घेतल्यामुळे झालेले घोळ मात्र इतके पाहिले की मोजणं सोडून दिलं. तुझं पत्र वाचून मी तुझा दिवस कागदावर मांडला. तूही मांडून बघ.

साडेनऊ-दहाला तू घर सोडतेस आणि भर रहदारीत स्कूटी चालवतेस. गोळी घेतेस ती पोचल्यावर. म्हणजे ज्या वेळी तुझं जागं असणं सगळ्यात महत्त्वाचं, त्या वेळी अंगात असतो तो कालच्या गोळीचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा. सोमवारी तर तेवढाही नसतो, कारण रविवारी तू ती घेतच नाहीस. सोमवारची सकाळ कशी जाते, ते मला कळव.

ही गोळी पोटात गेल्यावर दोन ते चार तासांनी रक्तातलं तिचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. म्हणजे तुझ्या बाबतीत दुपारी एक ते तीन. आणि ती निम्मी व्हायला साधारण १२ ते १५ तास लागतात. पावणेअकराला घेतलेली गोळी रात्री पावणेअकराला अंगात निम्म्याहून कमी झालेली नसते. त्यात चारची अर्धी. मग अंथरुणावर छताकडे बघत पडणं आलं, सकाळी डोळ्यांवर झापड आली, 'गोळी पुरत नाही' असं वाटणं आलं आणि पुन्हा चारची अर्धी आली. डॉक्टरांनी 'सकाळी' लिहिलं त्याचा अर्थ उठल्या उठल्या, साडेसहा-सातला. काही रुग्णांना डॉक्टर डोस वाटून सकाळ-दुपार असा देतात. ती सोय तुझ्यासाठीही असू शकते, पण ती त्यांनी ठरवायची. कॅलेंडरवर ३१ तारीख आली म्हणून आपण नाही.

डोकेदुखी हा या गोळीचा सगळ्यात ओळखीचा त्रास. मळमळ, छातीत धाकधूक, भूक मंदावणं हेही होतं. पुष्कळांचं काही आठवड्यांत थांबतं. चार महिन्यांनीही डोकं दुखत असेल तर डोस कमी करता येतो का ते विचार. मधल्या काळात डोकेदुखीवर कुठलीही गोळी घेताना मागचा मजकूर वाच, त्यातल्या काहींमध्ये कॅफीन असतं. म्हणजे जागं ठेवणारं आणखी एक औषध.

आणि डिकीचं ऊन. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात २५ किंवा ३० अंशांखाली ठेवायला सांगितलेलं असतं. पार्किंगमधल्या सीटखाली उन्हाळ्यात पापडही वाळतील. त्या स्ट्रिपमध्ये उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस, नवीन घे. घेताना दुकानदाराला एक्सपायरी असलेला कोपरा कापू देऊ नकोस आणि नाव वाचून घे. मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल ही नात्यातली औषधं असली तरी एक नव्हेत. आर्मोडाफिनिल १५० म्हणजे मोडाफिनिल १५० नव्हे. 'तीच आहे, कंपनी वेगळी' असं कुणी म्हणालं तर चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून बघ.

हे सगळं होतंय ते एका गोष्टीमुळे: गोळी घरात घेता येत नाही. सासूबाई काय म्हणतील ते तू लग्नापासून मनातल्या मनात त्यांच्या वतीने बोलते आहेस. त्यांना अजून बोलायची संधीच मिळालेली नाही. त्यांच्या बाजूने एकदा बघ. आठवड्यातले सहा दिवस तू बाहेर, गोळी अंगात, जागी. रविवारी तू दिवसभर त्यांच्यासमोर असतेस आणि नेमकी त्याच दिवशी गोळी घेत नाहीस. म्हणजे घरात दिसते ती तुझी सगळ्यात झोपाळू आवृत्ती. आळशी सून म्हणतील या भीतीने जे लपवलंस, त्यानेच आळशी सून त्यांच्यापुढे उभी केलीस.

(रविवारी सुट्टी द्यावी असं तुला कुणी सांगितलं? नार्कोलेप्सीला रविवार नसतो.)

सांगायचं काम नवऱ्याने करावं असं मला वाटतं. त्यानेच पुण्याला नेलं, त्यालाच रिपोर्ट माहीत आहेत, आणि आई त्याची आहे. फार पाल्हाळ नको. 'आई, हिला झोपेचा आजार आहे, लहानपणापासूनचा. मेंदूत जागं ठेवणारं एक द्रव्य कमी पडतं. तुझी बीपीची तशी हिची ही गोळी, सकाळी साडेसहाला.' एवढं पुरे. त्यानंतर गोळी त्याच टेबलावर, त्यांच्या डब्याशेजारी. दोन्ही डब्यांवर नाव मात्र ठळक लिही, अदलाबदल नको.

आता, मी तुझ्या सासूबाईंना ओळखत नाही. काही घरांत आजार सांगितला की तो भांडणाच्या वेळी हत्यार होतो, हेही मी पाहिलंय. तुझं घर तसं असेल तर सांगू नकोस. पण मग गोळी बेडरूमच्या कपाटात कुलपात ठेव, उशाशी पाण्याची बाटली ठेव आणि खोलीबाहेर पडायच्या आत घे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. सासूबाईंना न सांगता एकवेळ चालेल. न्यूरोलॉजिस्टना, स्त्रीरोगतज्ज्ञांना, नेहमीच्या मेडिकलवाल्याला, आणि ऑफिसातल्या एका तरी माणसाला हे माहीत असलंच पाहिजे. ऑफिसातल्या माणसाचा तुला वेगळा फायदा आहे, तो पुढे सांगते.

'मनाचा निग्रह' हा शब्द वाचून मला वाईट वाटलं. 'कुंभकर्णाची बहीण' इतकी वर्षं ऐकलं की माणूस ते खरं मानायला लागतो. जागेपण टिकवणारं ओरेक्सिन नावाचं द्रव्य मेंदूत असतं, हे शास्त्रज्ञांनाच १९९८ मध्ये कळलं. नार्कोलेप्सीच्या पुष्कळ रुग्णांत ते तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, हे २००० च्या सुमाराला दिसलं. त्या पेशी निग्रहाने परत येत नाहीत. थायरॉईड कमी असलेल्या बाईला आपण 'मनावर घे' म्हणतो का? म्हणतो खरं, काही जण. पण गोळी देतो.

सवयीचं म्हणशील तर जुन्या उत्तेजक औषधांपेक्षा मोडाफिनिलमध्ये धोका कमी आहे, शून्य नाही. अमेरिकेत ते नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. गोळी थांबवल्यावर झोप परत आली तर ती सवय नव्हे, तो तुझा मूळ आजार. सवयीकडे पाऊल पडतं ते वेगळ्या वाटेने: सांगितल्यापेक्षा अर्धी जास्त, मग एक जास्त, मग आधीच संपलेली स्ट्रिप आणि चिठ्ठीशिवाय देणारं दुकान. तुझी चारची अर्धी त्या वाटेवरचा पहिला दगड आहे, एवढंच म्हणते. स्वतःहून वाढवू नकोस आणि स्वतःहून सोडूही नकोस.

आणि ही गोळी झोपेची उधारी फेडत नाही. ती जागेपण वाढवते, तेही पुरतं नाही. रात्री ठरावीक वेळी आडवं होणं आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत गजर लावून १५-२० मिनिटं डोळे मिटणं, हे नार्कोलेप्सीत औषधाइतकंच कामाचं आहे. ऑफिसातल्या त्या एका माणसाचा उपयोग इथे आहे: रेकॉर्ड रूममधली खुर्ची आणि 'तिला वीस मिनिटं हाक मारू नका' म्हणणारं कुणीतरी. संध्याकाळचा चहा चारच्या आत उरक.

आता तो कप. तू वेंधळेपणा म्हणून शेवटी जाता जाता लिहिलंस, पण मी तिथे थांबले. हसताना, एकदम राग आल्यावर किंवा दचकल्यावर हात-पाय, मान, जबडा क्षणभर सैल पडणं, आणि तेही पूर्ण शुद्धीत, याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. नार्कोलेप्सीच्या पुष्कळ रुग्णांत ते असतं. तुझ्या कपाचं कारण तेच असेल असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, कप सगळ्यांच्याच हातून पडतात. पण हसताना गुडघे कधी ढिले पडले का, विनोद सांगताना शेवटचा शब्द तोंडात अडकला का, आठवून बघ आणि डॉक्टरांना सांग. मोडाफिनिल झोपेवर चालतं, यावर नाही. यासाठी वेगळी औषधं आहेत. आणि तोवर स्कूटी नको. रिक्षा, बस, नवऱ्याच्या मागे, काहीही. गोळीची वेळ बदलल्यावरही काही दिवस तू सकाळी कशी असतेस ते पाहून आणि डॉक्टरांना विचारूनच पुन्हा चालव.

दिराला गोळी द्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही. परीक्षेच्या मोसमात आमच्या काउंटरवर असे कितीतरी यायचे. 'ताई, ती जागायची गोळी', आवाज एकदम खाली. रात्री वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि हा झोपच काढून टाकायला निघालाय. शिवाय त्याचं हृदय, त्याचं बीपी, पूर्वी कधी मनाचा आजार होऊन गेला का, हे कुणी तपासलेलं नाही. या गोळीने काहींना भास होतात, काहींचा उत्साह हाताबाहेर जातो. त्याला स्पष्ट सांग: 'माझ्या मोजून ३० आहेत. एक कमी झाली तर माझा एक दिवस जातो.' आणि खरोखर मोजून ठेव. त्याने आईला सांगायची भीती घातली, तर तुम्ही आधीच सांगितलेलं बरं, हे आणखी एक कारण.

मुलाचं. वर्षभराने हवं असेल तर तयारी आत्ताच सुरू होते. अमेरिकेतल्या सूचनेनुसार गोळी थांबवल्यावर महिनाभर आणि ब्रिटनमधल्या सूचनेनुसार दोन महिने गर्भनिरोधाची खात्रीची दुसरी पद्धत वापरायची. म्हणजे 'पाळी चुकली, आता गोळी सोडते' असं चालणार नाही. गोळी कधी थांबवायची, तेव्हाचे महिने दुपारच्या झोपेवर कसे काढायचे, रजा कधी घ्यायची, हे दोन्ही डॉक्टरांशी आधी ठरवून घे. त्या महिन्यांत घरातल्या मदतीची गरज पडेल. कुणाच्या, ते तुला कळलं असेल.

काही लक्षणं दिसली की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा: अंगावर पुरळ, विशेषतः ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर; चेहरा किंवा ओठ सुजणं; छातीत दुखणं, जोरात धडधड; नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार. गंभीर पुरळ बहुधा पहिल्या पाच आठवड्यांत येतं. तू त्यापुढे आलीस, तरी कपडे धुण्याच्या साबणावर ढकलून मोकळी होऊ नकोस. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी सर्दीसाठी गेलीस तरी, गोळीचं नाव आधी सांग. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात. फिट्सची, रक्त पातळ करणारी, अर्धशिशीवर देतात ती प्रोप्रानोलोल, अशी काही औषधं मोडाफिनिलबरोबर घेताना डोस बघावा लागतो.

हे वाचून 'मलाही दुपारी फार झोप येते, ही गोळी बरी दिसते' असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्यासाठी. या वाचक मुलीच्या आधी रात्रभर आणि मग दिवसभर तपासण्या झाल्यात, त्यानंतर गोळी आली. तुमची झोप बहुतेक साध्या कारणाने अपुरी असेल: रात्री साडेबारापर्यंत मोबाइल, पहाटे पाचची पाण्याची वेळ. किंवा रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, मन खचलं असेल, ॲलर्जीची रोजची गोळी असेल. घोरत असाल, घोरता घोरता श्वास अडकतो असं बायको किंवा नवरा सांगत असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी हवी. त्यात मुख्य उपचार म्हणजे रात्री श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन. गोळी दिलीच तर ती वरची. गोळीने बरं वाटतंय म्हणून मास्क खुंटीला टांगणारे गृहस्थ मला माहीत आहेत. दिवसा तरतरीत, आणि रात्री श्वास तसाच अडकतोय.

घरबसल्या एक करता येतं. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची पट्टी आहे. वाचताना, टीव्ही बघताना, प्रवासात, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. २४ पैकी १० च्या वर गेलात तर तो कागद घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमध्ये नाही.

तुझा ता. क. राहिलाच. संकष्टीला गोळी चालते. ती रिकाम्या पोटीही घेता येते, त्यासाठी उपवास मोडावा लागत नाही. साडेसहाला, पेलाभर पाण्याबरोबर. दिवसभर पाणी मात्र पीत राहा, निर्जळी करू नकोस, तुझं डोकं तसंच दुखतं. आणि चंद्रोदय उशिरा असला तरी त्यासाठी चारची अर्धी घ्यायची नाही.